मानेची शीर बंद पडली म्हणजे डायलिसिस संपलं?

कागलच्या एका काकांनी मशीन चालू असतानाच फोन माझ्यापुढं धरला. "हे खरं हाय काय बघा जरा." आठवडाभरात तोच मेसेज मला चौथ्यांदा दिसत होता. त्यात म्हटलंय, की डायलिसिसची नळी ज्यांत घालतात त्या मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा बंद पडल्या की पेशंटची वाट संपली. कमरेतून नाहीतर लिव्हरमधून नळी घालतात तो निव्वळ पैसे काढायचा प्रयोग. म्हणून फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला हातावर ऑपरेशन करून तयार केलेल्या शिरेच्या, भानगडीत पडू नका, मानेतली नळीच बरी, सुया तरी टोचत नाहीत.

वाट संपत नाही. आकसलेली शीर बऱ्याचदा फुग्याने उघडता येते. जांघेतून नळी घालता येते, मात्र तिथं जंतुसंसर्गाची भीती जास्त आणि एसटीत तासभर बसायचं म्हणजे हाल. पोटाचं डायलिसिस, म्हणजे पोटात पाणी सोडून रक्त साफ करायचं, ते तर शिरेला हातच लावत नाही, पण त्याची आठवण सगळ्यांना शेवटी का होते कोण जाणे.

कमरेच्या नळीला प्रयोग म्हणणं तर अगदीच चूक. १९९० च्या दशकापासून डायलिसिससाठी ती वापरात आहे. पेशंटला पालथं झोपवतात, एक्स-रेच्या पडद्यावर बघत पाठीच्या उजव्या बाजूनं सुई पोटातल्या मोठ्या शिरेत नेतात. नळीचं टोक वर हृदयापाशी पोचतं आणि बाहेरचं तोंड कातडीखालून फिरवून कुशीला काढतात, म्हणजे झोपताना पाठीखाली येत नाही. लिव्हरमधली नळी त्याहून नाजूक. श्वासागणिक लिव्हर वर-खाली होतं, त्यामुळे ती सरकते. दोन्ही नळ्या तुंबतात, दोन्हींत जंतू शिरतात. म्हणून तर बाकीचे मार्ग संपल्यावरच डॉक्टर तिकडं वळतात. एवढ्यापुरता मेसेजवाल्याचा संशय मला समजतो.

पण शेवटचा सल्ला वाचून डोकं फिरलं. मानेच्या शिरा बंद पडतात कशानं? बऱ्याचदा त्यांत महिनोन्‌महिने राहिलेल्या नळीनंच! गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेत नळी घातली तर ती शीर आकसायचा धोका आणखी जास्त, आणि मग त्या बाजूच्या हातावर फिस्टुला केला तरी हात सुजतो. म्हणजे जी अडचण सांगून घाबरवायचं, तीच ओढवून घ्यायचा सल्ला द्यायचा. वर मशीन लावल्यावर थंडी वाजून ताप भरणारे आमच्याकडं बहुतेक नळीवालेच असतात.

फिस्टुला १९६६ पासून माहीत असलेली गोष्ट आहे. हाताची धमनी शिरेला जोडायची आणि साधारण दीड ते तीन महिने ती शीर जाड व्हायची वाट बघायची. बोट ठेवलं की मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. सुया टोचतात हे खरंच, खोटं कशाला बोलू. त्या हातावर बीपी बघायचं नाही, रक्त काढायचं नाही, एवढं पथ्य.

काकांच्या मानेत सध्या नळी आहे, डाव्या हाताचा फिस्टुला तीन आठवड्यांचा. शीर जाड व्हावी म्हणून डॉक्टरांनी त्या हातानं रबरी चेंडू दाबायला सांगितलाय. मेसेज आल्यापासून चार दिवस त्यांनी तो दाबलाच नव्हता. मी विचारल्यावर पिशवीतून काढला.