दहा डॉलरच्या नोटेवरचा वकील

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या काठी एका कॅरव्हॅन पार्कात मुक्कामाला होतो. सकाळी चहा शोधत बाहेर आलो तर खडूने लिहिलेला बोर्ड, ‘बुश पोएट्स ब्रेकफास्ट’. मला त्यातला फक्त ब्रेकफास्ट दिसला. सॉसेज आणि चहा होता, नाही असं नाही, पण आधी पाऊण तास कविता! सत्तरीपार एक आजोबा, रुंद काठाची टोपी, मळके बूट, पुढे आले आणि ‘द मॅन फ्रॉम स्नोई रिव्हर’ सुरू केली. हातात कागद नाही, डोळ्यावर चष्मा नाही, शंभरावर ओळी, एकदाही अडखळले नाहीत. आणि त्या कवितेची लय म्हणजे अक्षरशः घोड्याच्या टापा आहेत हो, अर्थ नाही कळला तरी पाय हलायला लागतो. एक उंची घोडा पळून रानटी घोड्यांत मिसळतो, सगळे नावाजलेले घोडेस्वार मागे लागतात, आणि कडा आल्यावर सगळे थांबतात तेव्हा एक पोरगेला मुलगा आपल्या काटक्या तट्टावरून थेट उतरणीला झोकून देतो, एवढीच गोष्ट. (आपल्याकडे ब्रिटिश फौजेत जे ‘वेलर’ घोडे असायचे ना, ते न्यू साऊथ वेल्सचे म्हणून वेलर.)

नंतर चहा घेताना आजोबांना विचारलं, तुमच्याकडे घोडे किती? हसले. म्हणाले, मी मेलबर्नच्या सबर्बमधला अकाउंटंट, आयुष्यभर लोकांचे टॅक्स रिटर्न भरले, घोड्यावर दोनदा बसलो त्यात एकदा पडलो.

आधी मला थोडं फसवल्यासारखं वाटलं. पण मग वाटलं की नाही, हेच तर खरं आहे, बुश कविता पहिल्या दिवसापासून अशीच आहे.

इथे बुश म्हणजे झुडूप नव्हे. शहर संपलं की जे सुरू होतं ते सगळं बुश. आणि हे बुश कवितेत आणणारा सगळ्यात मोठा माणूस, ती स्नोई रिव्हर लिहिणारा बॅन्जो पॅटरसन, सिडनीत वकिली करायचा. लहानपण खेड्यात गेलेलं, घोड्यांचं वेड पक्कं, ‘बॅन्जो’ हे टोपणनावसुद्धा घरच्या एका घोड्याचं, पण पोट भरायचं ते ऑफिसात बसून. १८८९ साली त्याची ‘क्लॅन्सी ऑफ द ओव्हरफ्लो’ छापून आली, त्यात सांगणारा माणूस कुबट ऑफिसात बसलाय, खिडकीतून शहराची धूळ आणि कलकलाट आत येतोय, आणि तो विचार करतोय की गुरं हाकत लांब निघून गेलेल्या क्लॅन्सीशी अदलाबदल करता आली तर काय मजा येईल. ज्याने क्युबिकलमध्ये बसून कोकणातल्या घराचे फोटो स्क्रोल केलेत त्याला ही कविता समजावून सांगायची गरज नाही. १८९५ मध्ये त्याचं पुस्तक आलं, पहिली आवृत्ती आठवड्याभरात संपली. आज तो दहा डॉलरच्या नोटेवर आहे, स्नोई रिव्हरच्या ओळी बारीक अक्षरात त्याच नोटेवर आहेत, भिंग घेऊन बघा.

या कविता ज्या काळात गाजल्या तेव्हा मेलबर्नची वस्ती पाच लाखांच्या घरात गेली होती. म्हणजे देश आधीच शहरी झालेला, आणि त्याने आरशात बघून चेहरा काढला तो मात्र उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या, साहेबाला न भिणाऱ्या, दोस्तासाठी जीव टाकणाऱ्या बुशमनचा. १९०१ ला सहा वसाहतींचा एक देश झाला तेव्हा त्याला ब्रिटिशांहून वेगळं असं काहीतरी हवं होतं, ते या कवितांत तयार मिळालं. पुढे पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला लढलेल्या सैनिकांनाही तोच चेहरा लावला गेला, त्या लढाईचा अधिकृत इतिहास लिहिणारा चार्ल्स बीन मनापासून मानायचा की बुशनेच हा शिपाई घडवला, आणि सैन्यात मात्र शहरातली पोरं ढिगाने होती.

मला आवडतो तो दुसरा, हेन्री लॉसन. सोन्याच्या खाणींच्या वस्तीत जन्मलेला, चौदाव्या वर्षापर्यंत जवळपास पूर्ण बहिरा झालेला, गरिबी पाहिलेला. (त्याची आई लुईसा लॉसन तर वेगळ्या पोस्टचा विषय आहे, १८८८ मध्ये बायकांसाठी स्वतःचं मासिक काढलं आणि छपाईलाही बायकाच ठेवल्या.) १८९२ च्या जुलैमध्ये ‘द बुलेटिन’ साप्ताहिकात लॉसनने लिहिलं की मी जाऊन आलो तुमच्या त्या बुशमध्ये, तिथे नुसती धूळ, माश्या आणि वैराण माळ आहे, कवी लोक थापा मारतात. पॅटरसनने दोन आठवड्यांत कवितेतूनच उत्तर दिलं की बाबा तू आपला सिडनीतच थांब. मग इतर कवीही उतरले, फेसबुकवर कमेंट वॉर होतं तसं, फक्त सगळं यमकात! पुढे म्हातारपणी पॅटरसनने सांगून टाकलं की हे भांडण ठरवून केलेलं होतं, मानधन मजकुराच्या लांबीवर मिळायचं, आयडिया लॉसनची. मला हे वाचून लॉसन अजूनच आवडला.

पण त्यानंतर झालं ते ठरवून केलेलं नव्हतं. त्याच १८९२ मध्ये बुलेटिनच्या संपादकाने, आर्चिबाल्डने, लॉसनच्या हातात पाच पौंड आणि रेल्वेचं तिकीट ठेवलं आणि त्याला बुशमधल्या बर्क गावाला पाठवलं. तिथून हा माणूस भर उन्हाळ्यात हंगरफोर्ड गावापर्यंत चालत गेला आणि चालतच परत आला, एका बाजूचं अंतर दोनशे किलोमीटरच्या वर. जे बघितलं त्यावर तो पुढे आयुष्यभर लिहीत राहिला. दारूने त्याची वाट लावली, तुरुंगातही जाऊन आला, आणि १९२२ मध्ये गेला तेव्हा सरकारी इतमामात अंत्ययात्रा. जिवंतपणी उधारी मागत फिरलेल्या माणसाची! हे आपल्याला नवीन नाही म्हणा.

आता ‘वॉल्ट्झिंग मटिल्डा’ हे गाणं. नाच वगैरे काही नाही त्यात, वळकटी पाठीला मारून कामासाठी वणवण करणं म्हणजे वॉल्ट्झिंग मटिल्डा. एक फिरस्ता डोहाकाठी चहाचं आधण ठेवतो, पाण्यावर आलेली मेंढी धरून झोळीत कोंबतो, मग मेंढीचा मालक जमीनदार येतो, मागून तीन पोलीस, आणि हा हाती लागण्याऐवजी डोहात उडी मारून मरतो. हे पॅटरसनने १८९५ मध्ये क्वीन्सलंडात डॅगवर्थ नावाच्या मेंढ्यांच्या मळ्यावर लिहिलं. आदल्याच वर्षी लोकर कातरणाऱ्यांच्या संपात तिथली शेड जाळली गेली होती आणि संपातला एक माणूस एका डोहाजवळ मेलेला सापडला होता. असं गाणं काही वर्षांत चहाच्या जाहिरातीसाठी वापरलं गेलं! १९७७ मध्ये राष्ट्रगीतासाठी लोकांचा कौल घेतला तेव्हा ते दुसरं आलं, २८ टक्के मतं. मला राहून राहून गंमत वाटते की जो देश रिकाम्या रस्त्यावरही लाल सिग्नलला निमूट थांबतो, त्याचं सगळ्यात लाडकं गाणं मेंढीचोराचं आहे.

आणि हेही लिहायलाच हवं. त्याच बुलेटिनमध्ये नावाच्या जोडीला ‘ऑस्ट्रेलिया गोऱ्या माणसासाठी’ अशा अर्थाचं वाक्य १९६० पर्यंत छापून येत होतं. साठ! त्या काळी बुशमध्ये गावोगाव गाठोडी घेऊन कापडचोपड विकणारे पंजाबी आणि सिंधी फेरीवाले होते, उंटांचे तांडे हाकणारे होते, पण देशाच्या चेहऱ्यात ते नाहीत. ज्यांची जमीन होती ते तर नाहीतच. उत्तरेत गुरं खरोखर हाकली ती बऱ्याच ठिकाणी आदिवासींनी, कित्येकदा नुसत्या शिध्यावर, त्यातूनच १९६६ मध्ये वेव्ह हिल नावाच्या गुरांच्या मळ्यावरचे गुरिंजी आदिवासी काम सोडून निघाले. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९६४ मध्ये, ऊजरू नूनक्कल यांचा पहिला संग्रह आला होता. एका आदिवासी कवीचा या देशात छापलेला पहिला कवितासंग्रह. तो माझ्यासाठी बुश कविताच आहे, कोणाला पटो न पटो, आणि आमच्या कॅरव्हॅन पार्कात त्यातलं काही कोणी म्हटलं नाही.

आजोबांना मी हे थोडं घाबरतच बोललो, पाहुण्याने घरातल्या फोटोला नावं ठेवू नयेत म्हणतात. ते शांतपणे ऐकून म्हणाले, खरंय. मग म्हणाले, तुमच्या भाषेत आहे का कोणी असं? मी बहिणाबाईंची संसारावरची म्हणून दाखवली, येते तेवढी, आणि तवा, चटके, भाकर हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं. ते म्हणाले, हा तर लॉसन झाला. म्हटलं नाही हो, ह्या बाई, लिहिता येत नव्हतं आणि शेतात खरंच राबलेल्या. त्यांनी पेपर नॅपकिन पुढे ओढला आणि खिशातलं पेन काढून म्हणाले, स्पेलिंग सांगा.