हुतंय की!

डावा गुडघा दुखायला लागला की शहाणा माणूस डॉक्टरकडे जातो. मी फिटरमामांकडे गेलो. बेळगावात, टिळकवाडीत रेल्वे गेट पडून उघडलं की रांग एकेक वीत पुढे सरकते, आणि माझ्या १९९७ सालच्या डिझेल जीपचा क्लच दाबायचा म्हणजे दर वितेला एक बैठक. अशा बैठका तालमीत मारल्या असत्या तर एव्हाना गदा मिळाली असती.

"मामा, हिला नवीन ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसतोय काय हो?"

मामांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "हुतंय की! न व्हायला काय झालंय?"

कोल्हापुरात भंगारात एक चेपलेली पेट्रोल गाडी सापडली, तिचा जपानी बॉक्स आणला. केए-२२ची नवरी, एमएच-०९चा नवरा. सोयरीक करताना माणसं निदान पत्रिका तरी बघतात. आम्ही फक्त वजन बघितलं. घरी आणून इंजिनाला लावून बघतो तर एकाही बोल्टाचं भोक जुळेना.

मग उद्यमबाग. तिथल्या लेथवाल्याला म्हटलं, मध्ये एक जाड प्लेट करून द्या. इकडं इंजिनाची भोकं, तिकडं बॉक्सची. पण क्रँकचा मध्य आणि बॉक्सचा मध्य तंतोतंत जुळायला हवा. केसभर सरकला तरी बॉक्स स्वतःचंच ऑइल सील खातो. तो शांतपणे म्हणाला, "आगतैती, सर." कन्नड 'आगतैती' आणि मराठी 'हुतंय की' यांतला फरक मला अजून कळलेला नाही. दोन्हींचा अर्थ 'पुढच्या सोमवारी या' असाच होतो. चार सोमवार आणि चार डबे कुंदा गेला. प्लेट मात्र अशी आली, की तिच्यात तोंड बघून भांग पाडावा.

क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर येतो. आईला समजावलं : समोरासमोर दोन पंखे ठेव, एक चालू कर, त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरतो, इथं वाऱ्याऐवजी तेल.

"एवढं तेल लागतंय? मग पुऱ्या पण त्यातच तळून घे."

शाफ्ट कापून आखूड केला, बॅलन्स केला, रेडिएटरपुढे तेल गार करायची जाळी बसवली. हे सगळं सोपं. खरी पंचाईत पुढे होती. नव्या बॉक्सचा मेंदू, म्हणजे कंट्रोलर, इलेक्ट्रॉनिक. पेडल किती दाबलंय, चाकं किती वेगानं फिरताहेत, हे विचारून तो गिअर टाकणार. माझं इंजिन अडाणी. विजेशी त्याचा संबंध स्टार्टरपुरता. शेवटी डिझेल पंपाच्या लिव्हरला सेन्सर बांधून त्याला बोलायला शिकवलं.

पहिली फेरी वंटमुरी घाटात. पेडल दाबलं. जीप दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळायला लागली, पण तिसरा पडेना. बॉक्सला पेट्रोलची सवय, इंजिनाच्या मिनिटाला पाच हजार फेऱ्या झाल्याशिवाय वरचा गिअर टाकायचा नाही असा त्याचा बाणा. आणि आमचं डिझेल चार हजाराला धापा टाकणारं. न येणाऱ्या फेऱ्यांची तो वाट बघत बसला. सीमाप्रश्नाचा दावा २००४पासून सुप्रीम कोर्टात आहे, पण तिथं निदान तारीख तरी पडते.

पुण्याहून कंट्रोलरवाला लॅपटॉप घेऊन आला. "होऊन जाईल, सर." तिसरी बोली, अर्थ तोच. पण दोन दिवसांत खरंच झालं. गिअर लोण्यातून सुरी फिरावी तसे पडायला लागले.

राहिला डावा पाय. सत्तावीस वर्षांची नोकरी सुटलेला माणूस सकाळी उठून डबा घेऊन निघतो, तसा तो गेट दिसलं की आपोआप उठायचा आणि क्लच समजून ब्रेकवर पडायचा. पहिल्या आठवड्यात शेजारच्या तात्यांचा चष्मा दोनदा डॅशबोर्डवर गेला. पुढे तात्या मागच्या सीटवर बसायला लागले, तेही हेल्मेट घालून.

आणि गेल्या रविवारी बॅटरी उतरली. शहापुरातली आमची गल्ली अशा वेळी हाक मारायची वाट बघत नाही. आठ जण जीपच्या मागे लागले. पाच मिनिटं जोर लावला, जीप तसूभर हलेना. तेव्हा लक्षात आलं, दांडा 'पी'वर आहे, म्हणजे मागची चाकं आतून अडवलेली. दांडा 'एन'वर घेतला. जीप निघाली, पण सुरू कशी होणार? या बॉक्सचा तेलपंप इंजिन फिरवतं. इंजिन बंद, तर तेलाला दाब नाही. दाब नाही, तर चाकांचं फिरणं इंजिनापर्यंत पोचतच नाही. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून हे सगळं ओरडून सांगितलं.

"तात्या, थांबा! ही आता धक्क्यावर चालू होत नाही!"

घामानं भिजलेल्या तात्यांनी हेल्मेट नीट केलं आणि पुन्हा खांदा लावला.

"हुतंय की!"