नसेल तर नाही म्हणा, खोटा पिस्टन गळ्यात मारू नका

माझ्या जुन्या येझदी मोटारसायकलसाठी मागवलेला परत एक डबा आला. वर "येझदी २५०", खाली साईज, कोपऱ्यात पिवळं पडलेलं लेबल. दुकानदाराने फोनवर देवाधर्माच्या शपथा घेतल्या होत्या. म्हणे कंपनीचा माल आहे, कारखाना चालू असतानाचा, गोडाऊनला पडून होता. आत पिस्टन, रिंगा, गजन पिन, सर्कलिपा. दिसायला एकदम झकास. मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, लावला आणि डोकं फिरलं. वरपासून खालपर्यंत एकच माप!

अरे, पिस्टन म्हणजे काय लेथवर सरळ कातलेलं लाटणं आहे का? पिस्टनचं डोकं आगीच्या तोंडाशी असतं. ते जास्त तापतं, जास्त फुगतं. म्हणून वरचा भाग खालच्या घेरापेक्षा, म्हणजे स्कर्टपेक्षा, बारीक ठेवतात. स्कर्टसुद्धा पूर्ण गोल नसतो, पिनच्या बाजूने किंचित चपटा असतो, म्हणजे तापल्यावर तो ब्लॉकमध्ये, पिस्टन ज्या लोखंडी नळीत वरखाली होतो तिच्यात, बरोबर बसतो. हे इंजिनकामातलं अगदी पहिलं पान. सरळ कातलेला पिस्टन थंड इंजिनात मस्त चालतो, हीच तर त्याची गोम. एका किकला गाडी चालू, आवाज गोड, गिऱ्हाईक खूश, दुकानदाराचे पैसे वसूल. मग एक दिवस गगनबावड्याच्या चढाला गाडी जरा ताणली की पिस्टन जाम. मागचं चाक जागच्या जागी लॉक. मागे बायको नाहीतर पोरगं बसलेलं असतं, आणि पाठीमागून एसटी येत असते. पिस्टनच्या पैशांचं सोडा, माणसं मरतील यात!

रिंगांची तीच गत. जुनी येझदी टू-स्ट्रोक, आणि टू-स्ट्रोकच्या ब्लॉकला भोकं असतात, पोर्ट म्हणतो आपण. रिंग फिरून तिचं टोक पोर्टात अडकू नये म्हणून पिस्टनच्या खाचेत एक बारीकशी पिन ठोकलेली असते. तांदळाच्या दाण्याहून लहान. या डुप्लिकेट पिस्टनमधली पिन मी नखाने हलवली तर हलली. नखाने! ती पिन चालत्या इंजिनात निघाली की रिंगेचा तुकडा, पिस्टनचा कडा आणि ब्लॉकवर उभी ओळ, सगळं एका मिनिटात. पिस्टन दुसरा आणता येईल. तो ब्लॉक कुठून आणू?

साईजचा छळ तर वेगळाच. स्टँडर्ड बोअर, म्हणजे ब्लॉकच्या आतला व्यास, ६५ मिलिमीटर. घासला की पाव मिलिमीटरने वाढवत जायचं, ६५.२५, ६५.५०, असं. एकेक पायरी म्हणजे ब्लॉकचं आयुष्य. जपून वापरायची गोष्ट आहे ती. आणि हा दुकानदार मला सांगतो, "पन्नास नाही, शंभर घेऊन जावा, बोअर मारून घ्या." पन्नास म्हणजे ६५.५०, शंभर म्हणजे ६६. म्हणजे त्याच्या फळीवर जे पडलंय त्यासाठी मी माझ्या ब्लॉकचं अर्धं लोखंड कातून फेकून द्यायचं! वडिलांनी एवढी वर्षं सांभाळलेला ब्लॉक याच्या सोयीसाठी एका दुपारी संपवायचा. आणि हे सांगताना तोंडावर जराही लाज नाही.

पार्ट मिळत नाहीत, हे मला मान्य आहे. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला. तेव्हाचा माल केव्हातरी संपणारच. एखाद्याने सरळ "नाही आमच्याकडे" म्हटलं तर मी त्याचे आभार मानतो आणि पुढच्या दुकानात जातो. पण "नाही" म्हणायला यांची जीभच वळत नाही.

क्रँकचं ऐका. येझदीचा क्रँक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल गोल फिरवणारा दांडा, प्रेसमध्ये दाबून बसवलेला असतो. त्याला पिस्टनशी जोडणारा कनेक्टिंग रॉड बदलायचा तर हायड्रॉलिक प्रेसवर क्रँक उघडायचा, नवी पिन, नवे रोलर, नवा रॉड, परत दाबायचा आणि डायल गेज लावून सरळ करायचा. जाणता कारागीर अर्धा दिवस त्यावर घालवतो. त्याची मजुरी वेगळी. आणि हे सगळं करून आत काय बसतं, तर वरचा थर नीट कडक न केलेली पिन. रोलर तिच्यावर खड्डे पाडतात, थोड्याच दिवसांत खालून टकटक सुरू होते आणि इंजिन पुन्हा पहिल्यापासून खोला. दुकानदार म्हणतो, "तुमच्या मिस्त्रीनं नीट बसवलं नसेल." मिस्त्रीवर ढकलून मोकळा. त्या मिस्त्रीचे हात मी बघितलेत. त्याच्याबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही मी.

ऑईल सीलचं, म्हणजे क्रँकच्या दोन्ही बाजूंना गळती अडवणाऱ्या रबरी कड्यांचं, वेगळं काय सांगू. क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑईल ओढतं आणि गल्लीभर पांढरा धूर. मॅग्नेटच्या बाजूचं गेलं की हवा ओढतं, मिक्श्चर पातळ होतं, परत पिस्टन जाम. एवढ्या महत्त्वाच्या वस्तूचं रबर बोटाने दाबलं तर कडक पापडी.

आता याच इंजिनातली बेअरिंगं घ्या. कोल्हापुरात कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात जा, जुन्या बेअरिंगवरचा नंबर सांगा, चहा यायच्या आत चांगल्या कंपनीचं नवंकोरं बेअरिंग काउंटरवर. गाडी जुनी का नवी, कोणी विचारत नाही. का? कारण त्या नंबरामागे ठरलेलं माप आहे, जगभर एकच. पिस्टनला, कनेक्टिंगला, गिअरला ते नाही. कारखान्याची ड्रॉइंगं बाहेर कोणाकडे नाहीत, म्हणून नकलाकार काय करतो? घासून घासून संपलेला जुना पार्ट आणतो, त्याचं माप घेतो आणि त्या मापाचा नवा पार्ट पाडतो. म्हणजे चाळीस वर्षांची झीज नव्या पार्टात आधीच उतरलेली! वर त्यावर "ओरिजिनल" छापायचं.

आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे टर्नर बसलेत की ड्रॉइंग, धातू आणि कडकपणा किती हवा एवढं हातात दिलं तर काहीही करून देतील. पिढ्यान्‌पिढ्या ऑईल इंजिनांचे पार्ट बनवलेली माणसं आहेत ती. त्यांच्याकडून उघडपणे, आपलं नाव टाकून पार्ट करून घ्या आणि विका की! दुप्पट किंमत लावा, मी देतो. स्वतःच्या नावाने चांगला माल विकायला हिंमत लागते, मेलेल्या कारखान्याचं लेबल चिकटवायला फक्त प्रिंटर लागतो.

आणि ते दुसरे महाभाग, चालती गाडी विकत घेऊन फोडणारे. कागदपत्रांसह, पळती, घरात सांभाळलेली गाडी घ्यायची, इंजिन एकाला, टाकी दुसऱ्याला, कार्ब्युरेटर तिसऱ्याला. व्हॉट्सॲपवर फोटो, खाली "टाईमपासवाल्यांनी फोन करू नये". अजून पंचवीस वर्षं रस्त्यावर राहिली असती अशी गाडी यांनी आठवड्यात संपवली आणि वर आम्हालाच ऐकवतात, "दादा, आम्ही आहोत म्हणून तुम्हाला पार्ट मिळतात."

लोक म्हणतात, येझदी तर परत आली, आता काय अडचण? आली, २०२२ ला आली, आणि रस्त्यावर ते नाव बघून मला बरंच वाटतं. पण ते फोर-स्ट्रोक, पाण्यावर थंड होणारं इंजिन. एकाच लिव्हरने किक मारून तोच पुढे पाडून गिअर टाकायची जुनी गाडी वेगळी, तिचा एक नटही यातून मिळायचा नाही. हे समजावून समजावून तोंड दुखलं.

ब्लॉक अजून उघडा पडलाय आणि मी ६५.५० शोधतोय. उद्या परत कोणाचा तरी फोन येणार, "साहेब, ओरिजिनल पीस आलाय." येऊ दे. आधी मायक्रोमीटर लावून डोक्याचं माप आणि स्कर्टचं माप, दोन्हींचे फोटो पाठवायचे. मग किंमत बोलू. ते जमत नसेल तर फोन ठेव, माझा नंबर काढून टाक, आणि तो डबा दुसऱ्या कोणाला विकूही नकोस.