साखर, मिश्री आणि आईचा मास्क : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. कॅन्सरच्या केमो-रेडिएशनच्या दिवसांत काय खावं या लेखात मी शिरा, तूप घातलेली पेज, गूळ-शेंगदाणे असं लिहिलं, त्यावर तुम्ही चिडला आहात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : साखर हेच कॅन्सरचं खाद्य, आणि मी पेशंटला तेच भरवायला सांगते. गव्हांकुर, गुळवेल, गोमूत्र यांचं मी नावही घेतलं नाही, म्हणजे मला आपल्या परंपरेची लाज वाटते. बदाम आणि प्रोटीन पावडर गरिबानं कुठून आणायची? आणि शेवटी, 'तुमच्या आई शाकाहारी, कायम घरचं खाणाऱ्या, मग त्यांना का झाला?' त्याखालीच तुम्ही लिहिलंय की वहिनींचं स्तनाचं ऑपरेशन झालंय आणि पुढच्या सोमवारी पहिली केमो आहे. ते वाचलं आणि ठरवलं, उत्तर कितीही लांबलं तरी नीट द्यायचं.

पैशांचं तुमचं म्हणणं मान्य आहे. तो परिच्छेद मी आज बदलला. पन्नास किलो वजनाच्या बाईला उपचारांच्या काळात दिवसाला साधारण ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि ती डब्यातल्या पावडरीतूनच मिळायला हवीत असं काही नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीसच्या आसपास. घट्ट वरण, दूध, फुटाण्याचं पीठ, भाजीत सढळ हातानं घातलेला कूट. फक्त शेंगदाणे निवडून घ्या. बुरशी आलेला, काळपट, कडू दाणा सरळ फेकून द्या. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृताच्या कॅन्सरला कारण होतं.

आता साखर. दादा, साखर बंद करण्याचा प्रयोग आमच्या घरात झालाय, आणि तो मीच केला.

आईला गालाचा कॅन्सर होता. ऑपरेशननंतर रेडिएशनच्या तीस सिटिंग ठरल्या, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. वेटिंगमधल्या बायका त्याला 'शेक' म्हणायच्या. तोंडा-मानेच्या शेकासाठी आधी मास्क बनवतात. जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणून बसवतात, गार झाला की तो त्या माणसाच्या नाका-हनुवटीचा नेमका साचा होतो. रोज तो साचा चढवून टेबलाला पक्का करायचा, म्हणजे डोकं तसूभरही हलत नाही आणि किरण ठरल्या जागीच पडतात. एका नातेवाइकांनी साखरेबद्दलचा एक व्हिडिओ पाठवला. मी घाबरले. आईचा भात बंद केला, दूध, केळं, गूळ, सगळं बंद. सकाळी गव्हांकुराचा रस, दुपारी कारल्याचा. तोंड आधीच सोललेलं. घोट घेताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि मी म्हणायचे, आई, थोडं सहन कर.

तीन आठवड्यांत ती बावन्न किलोंवरून सेहेचाळीसवर आली. एके दिवशी टेक्निशियननं मास्क लावला आणि गाल नि जाळी यांच्यामध्ये त्याची दोन बोटं सहज गेली. त्यानं मशीन थांबवलं. पुन्हा नवा मास्क, पुन्हा सीटी स्कॅन, पुन्हा सगळं प्लॅनिंग. चार दिवस शेक बंद राहिला. शेकात असा खाडा पडू नये म्हणून डॉक्टर जिवाचं रान करतात, कारण तेवढ्यात कॅन्सरच्या उरलेल्या पेशींना वाढायला उसंत मिळते. डॉक्टरांनी विचारलं, काय देता खायला? मी मोठ्या अभिमानानं यादी वाचून दाखवली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "वजन असं उतरत गेलं तर माझ्या हातात काही राहत नाही. आधी त्यांना जेवू घाला."

त्या संध्याकाळी आईला रव्याची पातळ खीर केली, गाळून, कोमट. वाटी संपवायला तिला पाऊण तास लागला.

साखरेची ही गोष्ट कुठून आली तेही सांगते, कारण ती अगदीच हवेतली नाही. १९२० च्या दशकात ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं दाखवलं की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज फार झपाट्यानं वापरतात. शरीरात कॅन्सर कुठे आहे ते शोधणारा पेट (PET) स्कॅन यावरच चालतो, ग्लुकोजसारखं किरणोत्सारी औषध टोचतात आणि ते जिथे ओढलं जातं तो भाग उजळतो. पण त्याच स्कॅनमध्ये मेंदूही लखलखीत दिसतो, कारण त्यालाही ग्लुकोजच लागतं. ताटातली साखर काढली तरी रक्तातली साखर शरीर संपू देत नाही. यकृत ती बनवत राहतं आणि त्यासाठी स्नायू मोडून कच्चा माल घेतं. आईच्या दंडाचं मांस असंच गेलं, कॅन्सरच्या उरलेल्या पेशींना मात्र हवं ते मिळतच राहिलं.

म्हणून माझं सगळं म्हणणं एवढ्यावर येतं : धडधाकट माणसाचं ताट वेगळं, आणि उपचार चालू असलेल्या माणसाचं वेगळं. तुम्ही-मी गोड, तळलेलं, बेकरीचं कमी खावं, वजन आवाक्यात ठेवावं, हे खरंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये तेरा प्रकारच्या कॅन्सरचा संबंध लठ्ठपणाशी जोडला. वहिनींना मधुमेह असेल तर साखर सांभाळावीच लागेल, ती डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे. पण तुमच्या-माझ्यासाठीचे नियम केमो घेणाऱ्या, दोन घास कसेबसे गिळणाऱ्या माणसावर लादले की त्याची ताकदच काढून घेतो आपण. मी तेच केलं होतं.

'आईंना का झाला?' या प्रश्नाचं उत्तर मूळ लेखातच यायला हवं होतं. पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू खाता? आई म्हणाली, छे, कधीच नाही. खोटं बोलली नाही ती. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरनं हळूच विचारलं, "मावशी, मिश्री लावता का?" आई म्हणाली, "ती तर लावतेच की, लग्नाच्या आधीपासून." तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली, कुटून, डबीत भरलेली तंबाखूच ती. सकाळी दात घासायला, दुपारी कामं उरकल्यावर, रात्री झोपताना. आमच्या गावात तिला कुणी व्यसन म्हणत नाही, कारण ती बायकांची आहे आणि तोंड धुण्याच्या नावाखाली आहे. तसंच सुपारीचं. नुसती सुपारी, तंबाखूशिवायची, हीसुद्धा कॅन्सरला कारण होते हे त्याच कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच जाहीर केलंय. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण मिश्रीची डबी कुणाच्या नजरेतच येत नाही. घरात कुणाच्या तोंडात बरा न होणारा पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर दाखवून घ्या. प्रतिबंधात कुठल्याही रसापेक्षा हे आधी.

पण प्रत्येकाचं कारण असं हाताशी लागत नाही. पुष्कळदा पेशींची नक्कल होताना चूक होते, वय वाढतं, आणि बोट ठेवायला काहीच सापडत नाही. वहिनींना 'तू काय खाल्लं होतंस' असं घरात कुणी विचारत असेल तर कृपा करून थांबवा.

परंपरेची लाज? दादा, आमच्या अंगणात सदाफुली आहे. व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कॅन्सरची औषधं तिच्यापासून निघाली, लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये व्हिनक्रिस्टिन आजही देतात. आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे, त्याच्यात कॅम्प्टोथेसिन मिळतं, ज्यापासून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कॅन्सरचीच औषधं बनतात. वनस्पतींना मी कमी लेखत नाही. पण व्हिनक्रिस्टिन मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात, सदाफुलीचा पाला कुणी उकळून प्यायला तर ते विषच. गुळवेलीचंही भान हवं. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले पेशंट नोंदवले. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही, हेही सांगायला हवं. पण केमोची कित्येक औषधं यकृतातूनच बाहेर पडतात, तेव्हा त्या काळात मी तरी ही जोखीम घेणार नाही. गोमूत्रानं माणसाची गाठ विरघळल्याचा पुरावा नाही. आणि कच्चा गव्हांकुराचा रस ऐन केमोत देऊ नका, कारण सांगते.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात, तेव्हा कच्च्या पदार्थातले जंतू बाधू शकतात. त्या दिवसांत वहिनींना सगळं शिजवलेलं, ताजं, गरम द्या. कच्ची मोड आलेली कडधान्यं, बाहेरचं ताक, उसाचा रस, कापून ठेवलेली फळं नकोत. साल काढता येणारं फळ धुऊन, सोलून चालेल. पाणी उकळून. ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर गोळी देऊन सकाळची वाट बघू नका, रात्री दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटलला फोन करा. घरात थर्मामीटर नसेल तर सोमवारच्या आधी आणा. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करा, कॅलेंडरवर लिहा, प्रत्येक तपासणीला ते पान सोबत न्या. वहिनींना कुणी काढा, चूर्ण, भस्म दिलं असेल तर पाकिटासकट डॉक्टरांसमोर ठेवा, लपवू नका.

घरातल्या घरात रोज थोडं चालू द्या, झेपेल तेवढंच. आणि पहिल्या केमोनंतर 'सगळं लोखंडासारखं लागतंय' असं त्या म्हणाल्या तर स्टीलचा चमचा बाजूला ठेवून लाकडी किंवा प्लास्टिकचा द्या. तोंडात फोड नसतील तर जेवणाआधी पातळसं आमसुलाचं सार, दोन घोट. आई शेकानंतर जबडा उघडण्याच्या व्यायामासाठी दातांत आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचायची. दर रविवारी एक काडी वाढवायची. अकरावी काडी बसली त्या दिवशी तिनं स्वतःहून भाकरीचा तुकडा मागितला, वरणात कुस्करून.

सोमवार झाला की कळवा, वहिनी काय आणि किती खाताहेत ते.