मिरग फेब्रुवारीत

आकाशदर्शनाचा अहवाल पाठवला, तर वरून उत्तर आलं: 'फोटोत तारे दिसत नाहीत. शक्यतो दिवसा काढून पुन्हा पाठवा.' आता बोला!

पोरं चौथीची, गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. एरवी ऊठसूट जाणारी लाइन त्या रात्री जाता जाईना, आणि पटांगणासमोरचा एलईडी दिवा कुठून बंद होतो ते ग्रामपंचायतीलाही ठाऊक नाही. शेवटी शाळेमागे भिंतीच्या आडोशाला बसलो. अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून बॅटरीला लाल कागद लावला. ध्रुव आपल्याकडे उत्तरेला क्षितिजापासून साधारण २० अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या वितीएवढा. पोरांनी त्या वितीनं एकमेकांची नाकं मोजली.

मग मृग दाखवला. नातवासोबत घोंगडं पांघरून आलेले एक आबाजी खाकरले.

"मास्तर, मिरग तं जून मयन्यात लागते. तुमी फेब्रुवारीत कुठून आनला?"

"आबाजी, जूनमध्ये सूर्य मृगात असतो. तेव्हा मृग सूर्यासोबतच उगवतो, सोबतच मावळतो. म्हणून दिसत नाही."

"म्हंजे लागते तवा दिसत नाई?"

"नाही."

"अन् दिसते तवा लागत नाई?"

"...नाही."

"पीकविम्यावानीच हाय म्हना."

पोरंसुद्धा हसली. विमा काय ते त्यांना घरूनच ठाऊक.

मग आबाजींनी वर्गच ताब्यात घेतला. मृग म्हणजे हरीण-बिरीण काही नाही, नांगर! आणि ईशान्येला वर आलेले सप्तर्षी? "थे म्हातारीची बाज. चार खूर अन् मांगं तीन चोर." क्रतू, पुलह, पुलस्त्य, अत्री ही नावं मी घोकून आलो होतो, त्यांचे खूर झाले. अंगिरस, वसिष्ठ, मरीची चोरीत सापडले. वसिष्ठाला खेटून असलेली अरुंधती दाखवायची होती, पण चोराची बायको म्हणून कशी दाखवू?

"आबाजी, हे सगळं तुम्हाला कसं ठाऊक?"

"गव्हाले पानी द्याले रातचीच लाइन देतेत. वावरात रातभर काय पाहाव मंग? टीव्ही?"

यावर काय बोलणार? साप-विंचवाच्या बांधावर रात्री दोनला मोटर चालू करायला लावणारं वेळापत्रक ज्यानं आखलं, तो त्या वेळी पंख्याखाली झोपलेला असतो. आकाशदर्शन खरं तर त्याचं घ्यायला हवं.

लाइनची वेळ झाली तसे आबाजी उठले आणि माझी बॅटरी घेऊन वावराकडे गेले. ती अजून आलेली नाही. लाल कागद तेवढा नातवाहाती परत आला, 'उजेड कमी पडते' या निरोपासकट.