‘चेक’ आणि ‘शह’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘चेक’ या शब्दावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंत, की ‘चेक’ आणि आपला ‘शह’ मुळात एकच, हे ओढूनताणून जुळवलेलं आहे. ‘श’चा ‘च’ कसा होईल? शिवाय बडोद्यातल्या मराठी माणसाने इंग्रजी शब्दांची कुळं कशाला शोधावीत, असंही विचारलंत.

‘नवगती’वरून ‘नेव्हिगेशन’ आलं असले संदेश इतके फिरतात, की तुमचा संशय मला रास्तच वाटतो. नुसत्या उच्चारसाम्यावर मीही विसंबत नाही. इंग्रजी ‘बॅड’ आणि ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ यांचा अर्थ एक, उच्चारही जवळचा, तरी त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. ‘चेक’ आणि ‘शह’ मात्र ऐकायला दूरचे, पण त्यांच्यामधली वाट पायरीपायरीने दाखवता येते.

बुद्धिबळ इराणातून अरबांकडे आणि तिथून युरोपात गेलं. राजावर हल्ला झाला की ‘शाह’ (फारसीत राजा, आपला ‘शह’ त्यावरूनच) म्हणून बजावायची रीतही सोबत गेली. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचं ‘स्काकुस’ झालं, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्चेक’. तुमचा ‘च’ इथे आला. लॅटिन ‘का’चा फ्रेंचमध्ये ‘चा’ होणं हे नेहमीचंच. ‘कामेरा’चं ‘चेंबर’ तसंच झालं. 1066 साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, तेव्हापासून तिथल्या दरबारात फ्रेंच बोलली जाऊ लागली, तिच्यातून हा शब्द इंग्रजीत शिरला आणि सुरुवातीचा ‘एस्’ गळून पडला. ‘चेस’ हे खेळाचं नाव म्हणजे याच शब्दाचं अनेकवचन.

अर्थही असेच सरकत गेले. शह बसला की राजा अडतो. म्हणून अडवणं, त्यातून आवर घालणं, त्यातून तपासणं. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब चौकटींचं कापड अंथरलेल्या टेबलावर चकत्या सरकवून होत असे. ते कापड बुद्धिबळाच्या पटासारखं, म्हणून खजिन्याच्या खात्याला ‘एक्स्चेकर’ नाव पडलं. चेक्सचा शर्टही त्या पटावरूनच. बँकेचा चेक अठराव्या शतकातला. लबाडीला आळा बसावा म्हणून ठेवलेल्या स्थळप्रतीला आधी ‘चेक’ म्हणत, पुढे ते नाव मूळ कागदाला चिकटलं.

आता बडोद्याबद्दल. 1908 साली सयाजीराव महाराजांनी इथे बँक काढली, तेव्हापासून चेक आपल्या घरात आहे. याच गावाने 1931 साली ‘श्रीसयाजीशासनकल्पतरू’ हा आठ भाषांचा कारभारी शब्दकोश छापला, इंग्रजी शब्दांसमोर मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी शब्द मांडून. शब्दांची अशी देवाणघेवाण आपल्याला परकी कधीच नव्हती. आणि ‘शाह’ तरी परका कुठे? त्याचं जुनं इराणी रूप संस्कृत ‘क्षत्र’च्याच धातूचं, ‘शहर’ही त्याच कुळातलं.

‘मात’ म्हणजे अरबीत ‘मेला’, ही तुमची नोंद बरोबर आहे, आणि ‘शाह मात’चा तसा अर्थ लावणारे अभ्यासक आहेत. माझा कल मात्र फारसीकडे आहे. तिथे ‘मात’ म्हणजे हतबल, थिजलेला. बुद्धिबळात राजा मारला जात नाही, त्याला फक्त हलायला जागा उरत नाही. मराठीतही आपण ज्याच्यावर मात करतो, तो जिवंतच असतो.