आकडा फुगवलेला नाही, पुरा केलाय

ताई,

तुमचे आक्षेप तीन. स्पायना बायफिडा (मणका नीट न मिटणं), ॲनेनसेफली अशा जन्मजात दोषांचा दर काढायला कोल्हापूरच्या सीपीआर या मोठ्या सरकारी दवाखान्याचं प्रसूती रजिस्टर पुरेसं आहे; गर्भपात त्यात धरून मी आकडा फुगवतो; आणि मोजत बसण्यापेक्षा फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटाव्यात. लेबर रूममध्ये आयुष्य काढलेल्या सिस्टरचं हे म्हणणं आहे, दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही.

आधी गर्भपातांचं. ॲनेनसेफलीत कवटीचा वरचा भाग तयारच होत नाही. चांगल्या सोनोग्राफीत हे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दिसतं, आणि बाळ जगणार नाही हे कळल्यावर बरीच घरं गर्भपाताचा निर्णय घेतात. ती बाई प्रसूती रजिस्टरवर येतच नाही. समजा, 10,000 जन्मांमागे असे 40 दोष आहेत. त्यातले 25 सोनोग्राफीत सापडून गर्भपात झाले, तर रजिस्टरवर उरले 15. हजारी 4 चा दर दीडवर आला. उद्या चंदगड-आजऱ्याकडे सोनोग्राफी वाढली की तो आणखी उतरेल आणि आपण म्हणू, गोळ्यांचा गुण आला! एकाही बाळाचा मणका त्यानं सुधारलेला नसेल. म्हणून जिवंत जन्म, मृत जन्म आणि दोषामुळे केलेले गर्भपात, तिन्हींतल्या केसेस मोजायच्या आणि एकूण जिवंत व मृत जन्मांनी भागायचं.

मोठ्या दवाखान्याची दुसरी अडचण नेमकी उलटी. अवघडलेल्या केसेस जिल्ह्यातून, कोकणातून, सीमाभागातून तिथंच पाठवल्या जातात. त्या केसेस वर धरायच्या आणि भागायचं फक्त तिथल्या बाळंतपणांनी, तर दर विनाकारण चढतो. एक चूक दुसरीला खोडते असं समजू नका, कोणती किती मोठी हे रजिस्टर सांगत नाही.

आणि पत्ता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुम्हाला मी काय सांगायचं. सासर निपाणी, माहेर कागल, डिलिव्हरी कोल्हापुरात. केस कुठली धरायची? न्यूरल ट्यूब, म्हणजे गर्भातली जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नलिका, गर्भधारणेनंतर 28 दिवसांच्या आत बंद होते; ती नीट मिटली नाही की हे दोष होतात. त्या दिवसांत ती जिथं जेवत होती, तिथली. म्हणजे बहुधा निपाणीची. रजिस्टरवर मात्र कितीदा तरी माहेरचाच पत्ता पडतो, कारण सोबत आईच आलेली असते.

गोळ्या वाटायलाच हव्यात, त्यावर आपला वाद नाही. 1991 च्या ब्रिटिश चाचणीत, आधीचं मूल असा दोष घेऊन जन्मलेल्या आयांमध्ये फॉलिक ॲसिडनं पुन्हा तसं होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. पण गोळी दिवस जाण्याआधीपासून हवी. पाळी चुकून, आशाताईंकडे नाव नोंदवेपर्यंत नलिका मिटलेली असते. मग लग्न झालेल्या मुलींपर्यंत गोळी वेळेत पोचली का, तिचा उपयोग झाला का, हे आधीचा दर हातात नसेल तर कशावरून ठरवणार? वर्षाला 2,000 बाळंतपणं होणाऱ्या दवाखान्यात हजारी 4 नं 8 केसेस येतील. त्या निव्वळ योगायोगानं एका वर्षी 4, दुसऱ्या वर्षी 12 होऊ शकतात. एका दवाखान्याच्या एका वर्षावरून गोळ्यांना यश किंवा अपयश देणं मला पटत नाही.

तुमच्याकडून एक हवंय. व्यंग असलेलं मृत बाळ जन्मलं की शेऱ्याच्या रकान्यात नेमकं काय लिहिलं जायचं? नुसतं ‘मृत’ की दोषाचं नावही? जुनी रजिस्टरं वापरता येतील का, हे त्यावरच ठरेल.